एक्स-रेखाली कॅटॅलिस्ट बघायचा, तर सेल कशी बनवावी?

तुम्ही विचारलंय की तांब्याच्या कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) मेथॅनॉल बनताना तो एक्स-रेनं बघायचा आहे, तर सेल, म्हणजे एक्स-रे आरपार जाईल असा छोटा रिअॅक्टर, विकत घ्यावी की बनवावी, आणि प्लांटसारखी परिस्थिती तिच्यात कितपत येते.

बनवाच. मी इंदूरलाच बनवली, आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रे देणारं यंत्र) मिळालेल्या वेळेसाठी, म्हणजे बीमटाइमसाठी. सांवेर रोडच्या लेथवाल्यानं ड्रॉइंग बघून विचारलं, "भैया, इत्ता-सा छेद? इसमें से जाएगा क्या?" मी म्हटलं, "हवा."

बहुतेक जण आधी एक्स-रे आत-बाहेर जायच्या खिडकीचा विचार करतात, मग रिअॅक्टरचा. मोठ्या डब्यात कॅटॅलिस्टची दाबलेली टिकली ठेवली की स्पेक्ट्रम (कुठल्या ऊर्जेचा एक्स-रे किती शोषला गेला त्याचा आलेख) झकास येतो, पण गॅस टिकलीला वळसा घालून निघून जातो. आत काय चाललंय ते कळतच नाही. डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीतल्या संशोधकांनी १९९१ च्या सुमारास यावर क्वार्ट्झची कॅपिलरी, म्हणजे केसासारखी बारीक नळी, वापरली: नळी हाच रिअॅक्टर, नळीची भिंत हीच खिडकी. मीही तेच केलं.

व्यास १ मिमी, भिंत ०.०२ मिमी. कॅटॅलिस्ट ७५ आणि १०६ मायक्रॉनच्या चाळण्यांमधला घ्या, म्हणजे नळीच्या रुंदीत दहाएक दाणे बसतात आणि गॅस कडेनं पळत नाही. भराव १० मिमी, दोन्ही टोकांना क्वार्ट्झ वूल. हे झालं जेमतेम १० मिलिग्रॅम. साध्या नळीत २०० मिलिग्रॅमवरून मिनिटाला १०० मिली गॅस सोडत असाल, तर इथे ५ मिलीच. आता पाइपिंगमध्ये १० मिली रिकामी जागा राहिली तर? वातावरणाच्या दाबाला गॅस पुढे पोचायला दोन मिनिटांचा उशीर, चालतो. १० बारला तीच जागा दहापट गॅस गिळते, उशीर वीस मिनिटं. म्हणून गॅस कॅपिलरीतून बाहेर पडला की लगेच दाब उतरवा.

साठ टक्के तांबं असेल तर ९ केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, एक्स-रेची ऊर्जा) आसपास एक्स-रे पार होणारच नाही. एक्स-रे फारसा न अडवणारी बोरॉन नायट्राइडची पावडर मिसळून दाबा, फोडा, पुन्हा चाळा. आणि कॅटॅलिस्ट जेवढा कमी झाला तेवढा गॅसही कमी करा, हे हमखास विसरतं.

तापमानावर माझी फजिती झाली. नळीखाली गरम हवेचा ब्लोअर, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) हवेच्या झोतात, डिस्प्ले स्थिर. मी खूश. मग सहज कथिलाचा कण कॅपिलरीत टाकून बघितलं. कथील २३२ अंशांना वितळतं. डिस्प्लेवर २३२ आलं, २४० आलं, कण जसाच्या तसा. २६१ ला त्याचे कोपरे गळाले आणि चकचकीत थेंब झाला. म्हणजे मी २५० समजून महिनाभर जे मोजलं, ते २५० चं नव्हतंच. मेथॅनॉलमध्ये तीस अंशांनी वेगाचं सगळं गणित बदलतं. आता दर नव्या जोडणीनंतर कथील, आणि वर जायचं असेल तर शिसं, ३२७ अंश.

दाबाबद्दल खरं सांगतो. प्लांट ५० ते १०० बारवर चालतो; ही कॅपिलरी मी १० च्या पुढे नेत नाही. जाड भिंत दाब सोसते, पण एक्स-रे तीच खाते. म्हणून त्याच १० बारला, त्याच गॅसवर, साध्या स्टीलच्या नळीतही रन घ्या. ग्रॅममागे मेथॅनॉलचा वेग दोन्हीकडे जुळला तरच स्पेक्ट्रमवर बोला. त्या रनआधी रिकामी स्टीलची नळीही एकदा चालवा, भिंतीतलं निकेल स्वतःच कॅटॅलिस्ट म्हणून कामाला लागतं.

गॅसमधल्या सीओच्या (विषारी कार्बन मोनॉक्साइडच्या) लोखंडी सिलिंडरमधून आयर्न कार्बोनिल येतं आणि कॅटॅलिस्टवर लोखंड बसवतं, तेव्हा ते अडवणारा ट्रॅप आधी लावा. सीओचा अलार्म तर हवाच.

आणि बीमटाइमला भरलेल्या डझनभर कॅपिलरी न्या. पहिल्याच दिवशी माझ्या चार फुटल्या, त्यांतल्या तीन नट आवळताना.