वाचक विचारतात : विस्बीत काय खावं, काय आणावं?

प्रश्न : ऑगस्टमध्ये स्वीडनच्या गोटलँड बेटावर, विस्बीत तीन दिवस आहोत. घरात दोघे शाकाहारी. तिथलं खास काय मिळेल? येताना काय आणता येईल?

उत्तर : पहिला मान साफ्रान्सपानकाकाचा. शेवटच्या 'काका'ला दचकू नका, स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ केक. दुधात शिजवलेला गोल तांदूळ, केशर, बदाम, साखर आणि साय एकत्र करून भट्टीत भाजतात. आपल्या केशरी भाताची वडी म्हणा. मात्र त्यात अंडी असतातच, हे शाकाहारी मंडळींनी आधी जाणावं. सोबत फेटलेली साय आणि साल्मबेर या आंबटसर रानबेरीचा जॅम. विस्बीच्या जुन्या तटबंदीच्या आतल्या कॅफेंत कोमट तुकडा मागा. थंडगार असला तर केशराचा वास दबतो.

दुपारचं जेवण कामाच्या दिवशी साधारण ११ ते २ दरम्यान उरका. फलकावर 'डागेन्स लुंच' (आजचं दुपारचं जेवण) दिसलं की ताट, सॅलड, पाव आणि बहुधा कॉफीही एकाच दरात. संध्याकाळी तेच हॉटेल बरंच महाग पडतं. मासळी खाणाऱ्यांनी मोठ्या चौकातलं बाकफिकन हे हॉटेल गाठावं. ऑगस्टमध्ये टेबल आधी राखून ठेवा, विशेषतः 'मध्ययुगीन सप्ताह' या उत्सवाच्या दिवसांत.

गावाबाहेर शेतांच्या कडेला बटाटे, मध, अंडी मांडलेली विनामाणूस दुकानं दिसतील. पर्यटक नेमके इथेच अडकतात. पैसे 'स्विश' ॲपने द्यायचे असतात आणि त्याला स्वीडिश बँकेचं खातं लागतं. आपलं यूपीआय तिथे चालत नाही. सुटे क्रोनर जवळ ठेवा, पण रोख रकमेचा डबा सगळीकडे असेलच असं नाही. मग सरळ माणूस बसलेलं शेतदुकान शोधा, तिथे कार्ड चालतं.

साल्मबेरचा जॅम पूर्व वेशीबाहेरच्या किराणा बाजारात पाहा. बाटली मोठ्या बॅगेतच भरा: विमानतळावर जॅम द्रवात मोजतात, १०० मिलिलिटरवरचा हातसामानातून काढून घेऊ शकतात. गोटलँडचं मेंढ्याचं मांस तिथेच खा, भारतात आणायच्या भानगडीत पडू नका. विकत न्यायला बिअर हवी असेल तर ३.५ टक्क्यांहून जास्त मद्यार्काची बहुतेक करून सरकारी मद्यदुकानात, सिस्टेमबुलागेतमध्ये मिळते. ते शनिवारी दुपारीच मिटतं, रविवारी बंद.

प्रश्न : हाच केक घरी केला, तर रंग फिका आला आणि मिश्रण फाटलं. का?

उत्तर : केशर अख्खं घातलं असावं. अर्धा ग्रॅम केशर चमचाभर साखरेसोबत खलून गरम दुधात दहा मिनिटं भिजवा. भात पूर्ण निवल्याशिवाय अंडी घालू नका, गरम भातात ती लगेच शिजून गुठळ्या होतात. पाऊण वाटी तांदळाला तीन अंडी पुरतात. २०० अंशांवर अर्धा तास, कडा तांबूस दिसेपर्यंत.