‘नॉर्मल’चा आकडा कोण ठरवतं?

सोलापूरच्या एका विद्यार्थिनीचं पत्र: बारावी सायन्स झाले, गणित आणि बायॉलॉजी दोन्ही होते. नीटला मार्क कमी पडले. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांचं युरिक ॲसिड ७.४ आलं. रिपोर्टवर पुरुषांसाठी ३.५ ते ७.२ लिहिलेलं, मम्मीच्या रिपोर्टवर २.६ ते ६. हे कोण ठरवतं, असं लॅबमध्ये विचारलं तर ‘किटवर छापलेलं असतं’ म्हणाले. घरचे डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, कर म्हणतात. मला हे आकडे ठरवण्याचं काम आवडेल. असं करिअर असतं का?

असतं. त्याला बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे जैवसंख्याशास्त्र म्हणतात. रिपोर्ट सगळेच बघतात, पण असा प्रश्न फार थोड्यांना पडतो. तुझं पत्र वाचून खरंच आनंद झाला.

आधी पप्पांचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेकांना गाउट, म्हणजे त्याचे स्फटिक सांध्यात साचून होणारा दुखण्याचा आजार, होत नाही, तरी निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

आता तुझे आकडे. निरोगी पुरुष आणि निरोगी स्त्रिया यांचं रक्त वेगवेगळं तपासतात. प्रत्येक गटात किमान १२० जण असावेत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आकडे चढत्या क्रमाने लावून खालचे अडीच आणि वरचे अडीच टक्के सोडले, की उरलेली ९५ टक्के ही मर्यादा. म्हणजे शंभर ठणठणीत माणसांतही पाचेक जण तिच्याबाहेर निघणारच. शिवाय युरिक ॲसिडचा आलेख दोन्हीकडे सारखा उतरत नाही, वरच्या आकड्यांकडे त्याची शेपटी लांबते. इस्ट्रोजेनमुळे बायकांची मूत्रपिंडं ते जास्त बाहेर टाकतात, म्हणून त्यांचा आकडा कमी. पाळी गेल्यावर तो पुरुषांच्या जवळ सरकतो. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत तो सरासरीने जास्त असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे.

आणखी एक गंमत बघ. शरीराच्या तापमानाला साधारण ६.८ च्या पुढे युरेट (युरिक ॲसिडचं रक्तातलं रूप) रक्तात पूर्ण विरघळून राहत नाही, त्याचे स्फटिक होऊ शकतात. ही मर्यादा रसायनशास्त्राची, ७.२ ही माणसं मोजून काढलेली. पेशंटला यातली कुठली सांगायची, हे ठरवताना डॉक्टरांशेजारी संख्याशास्त्रज्ञ लागतो. किटवरचे आकडे अनेकदा दुसरीकडच्याच लोकांवरून काढलेले असतात. सोलापूरच्या उन्हात, मागावर दिवसभर उभं राहणाऱ्यांचे आकडे वेगळे निघतील का? मोजल्याशिवाय कसं सांगणार! हे काम कुणीतरी करायलाच हवं.

डीएमएलटी वाईट नाही. घरात लवकर पगार हवा असेल तर तोच रस्ता धर, त्यात कमीपणा काही नाही. पण थोडी वर्षं थांबणं परवडत असेल, तर संख्याशास्त्रात बी.एस्सी. कर, असं मी आग्रहानं सांगेन. नीटच्या नादात बरीच मुलं गणित सोडतात. तू सोडलं नाहीस, म्हणून हा दरवाजा उघडा आहे. पुढे एम.एस्सी. आपल्या सोलापूर विद्यापीठातही होते. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिथूनच चालतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा अवघड असते, तरी द्यावी. नोकऱ्या मेडिकल कॉलेजांत, संशोधन संस्थांत आणि औषधांच्या चाचण्या करणाऱ्या कंपन्यांत मिळतात. ‘आर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुट्टीतच शिकायला घे.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजात पप्पांना घेऊन जा आणि एवढं नक्की विचार: संख्याशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून मिळतं, की सुरुवातीपुरतंच?