मुंग्यांचं पुस्तक आणि एकरकमी मानधन

प्रश्न: ताई, मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलांसाठी मुंग्यांवर माहितीचं छोटं पुस्तक लिहिलंय. प्रकाशक म्हणतात एकरकमी पैसे घ्या आणि सही करा. करू का? चित्रं पण मीच करून द्यायची का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आधी करारात मुदत काय लिहिलीय ते बघा, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, पण तिथे ‘कायमस्वरूपी’ छापलेलं असेल आणि तुम्ही सही ठोकलीत तर मग बसा बोंबलत. एकरकमी वाईटच असतं असं नाही हं, रॉयल्टीचा हिशोब मागून मागून माणूस थकतो, पण मग मुदत घाला आणि भाषांतराचे हक्क स्वतःकडे ठेवा.

चित्रकार शोधायचं काम शक्यतो प्रकाशकाचं. तुम्ही फोटो द्या आणि कच्ची स्केचेस मागून घ्याच, कारण मुंगीचे सहाही पाय छातीच्या भागाला असतात आणि चित्रात त्यातले दोन पोटाला चिकटलेले सर्रास दिसतात. आणि कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात बरं का, तेव्हा मजकुरात कुठे ‘मुंगीदादा’ साखर उचलत असेल तर आजच काढून टाका, मुलं असलं बरोब्बर पकडतात!