परिसरातल्या धान्य दुकानात ३ लाख घालावेत का?

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. ओळखीची २२ घरं मिळून मावळचा इंद्रायणी, भोरचा आंबेमोहर, घाण्याचं तेल, बिनरसायनाचा गूळ आणि डाळी विकणारं दुकान काढतो आहोत. भागीदारी संस्था करून सहा जणांनी प्रत्येकी ३ लाख घालायचे, त्यावर १२ टक्के व्याज आणि स्वतःच्या खरेदीवर १० टक्के सूट, असं ठरतंय. माझा पगार हातात ९२,००० येतो. हप्ता धरून महिन्याचा खर्च ६२,००० आहे. ५ लाखांची एफडी आहे, मुलगी दहावीत. पैसे घालू का?

उत्तर : ताई, ३ लाख घालू नका. दुकान उभं राहावं असं मलाही मनापासून वाटतं, पण त्याला तुमच्या एफडीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त गरज आहे.

आधी घरचं बघू. सहा महिन्यांचा खर्च ३ लाख ७२ हजार होतो. तो एफडीत राहिलाच पाहिजे. उरतात १ लाख २८ हजार, आणि जूनमध्ये अकरावीचा प्रवेश समोर आहे. ३ लाख काढलेत तर घरात जेमतेम तीन महिन्यांची शिदोरी राहील.

आता त्या १२ टक्क्यांबद्दल. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर, भागीदाराच्या भांडवलावरचं व्याज नफ्यातूनच देता येतं, म्हणजे नफा नाही त्या वर्षी व्याजही नाही. ही एफडी नव्हे. शिवाय साध्या भागीदारीत दुकानाचं देणं प्रत्येक भागीदाराच्या गळ्यात पूर्णपणे पडू शकतं. बाकीच्या पाच जणांनी हात वर केले तर व्यापारी तुमच्या घरापर्यंत येऊ शकतो.

नफा होईल का? तुम्ही पाठवलेल्या अंदाजात भाडं २८,०००, दोन माणसांचे पगार ३४,०००, वीज-वाहतूक-हिशेबनीस मिळून १३,००० आहेत, म्हणजे महिन्याला ७५,०००. खराबा आणि वजनातली घट वजा जाता मी विक्रीवर १८ टक्के सुटतील असं धरतो. मग नुसता खर्च निघायलाच महिन्याला सुमारे ४ लाख १७ हजारांची विक्री हवी. एका घराची खरेदी ७,००० धरली तर साधारण ६० घरं लागतात. तुमच्याकडे २२ आहेत. त्यांच्या विक्रीतून २७,७०० सुटतील आणि दरमहा ४७,००० भांडवलातून जातील. भागीदारांची १० टक्के सूट त्या १८ मधूनच जाणार, म्हणून ती मला अजिबात पटत नाही.

दुसरी अडचण हंगामाची. भात दिवाळीनंतर येतो, तूर जानेवारीच्या सुमारास, गहू मार्चमध्ये. माल तेव्हाच घ्यावा लागतो आणि विकला जातो वर्षभर. रसायन न मारलेल्या धान्याला पावसाळ्यात पोरकिडे धरतात, हे दरवर्षी होणारच. त्यासाठी धान्य १२ टक्क्यांच्या आसपास ओलाव्यापर्यंत वाळवून हवाबंद पिंपात भरायचं. कमी पॉलिशचा तांदूळ तर कोंड्यातल्या तेलामुळे दोन-तीन महिन्यांत खवट होऊ लागतो. म्हणून तांदूळ साठवू नका, टरफलासकट भात साठवा आणि दर महिन्याला लागेल तेवढाच भरडून आणा. १०० किलो भातातून ६५ किलोच्या आसपास तांदूळ मिळतो, किंमत ठरवताना हे विसरलं जातं. सहा जणांपैकी हे काम कोण बघणार, हे भागीदारीच्या कागदात नावानिशी हवं.

तेलाचंही तसंच. एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाणे १३० रुपये किलो मिळाले तर ३२५ रुपये झाले. दीड किलो पेंड ४० च्या भावाने विकून ६० परत आले, तरी मजुरी आणि बाटली धरण्याआधीच २६५ पडतात. कोणी २०० रुपयांत 'घाण्याचं' तेल पुरवतो म्हणाला, तर घाण्यावर जाऊन बघितल्याशिवाय घेऊ नका. पाकिटावर 'सेंद्रिय' छापायचं तर शेतकऱ्याकडे एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारमान्य सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर गावाचं नाव आणि पिकवायची पद्धत लिहा, तेवढंच खरं आहे.

मग तुम्ही काय करायचं? आपल्याकडे वर्षाचं धान्य भरायची पद्धत होतीच, तीच वापरा. चौघांच्या घराला तांदूळ ६०, गहू १२० आणि तूरडाळ २५ किलो धरली तर १५,००० च्या आसपास होतात. ते हंगामात आगाऊ द्या, तेही दोन भागांत : भातासाठी डिसेंबरात, गहू-डाळीसाठी मार्चमध्ये. पावतीवर माल, वजन, भाव आणि कोणत्या महिन्यात किती मिळणार, हे लिहून घ्या. वर्षाच्या आत सगळा माल घरी यायला हवा. ६० घरांनी असं केलं तर ९ लाख जमतात, तुमच्या १८ लाखांच्या निम्मे, आणि गिऱ्हाईकही आधीच बांधलेलं असतं. दुकान बुडालंच तर तुमचे फार तर १५,००० जातील.

मालकीत वाटा हवाच असेल तर संस्था एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणून नोंदवायला सांगा, तिथे जबाबदारी घातलेल्या रकमेपुरती राहते. त्यात ५०,००० च्या वर जाऊ नका, आणि तेही ६० घरांच्या आगाऊ पावत्या फाटल्यावरच. तोवर दुकान भाड्याने घेऊ नका. महिन्यातून दोन रविवारी सोसायटीच्या आवारात टेबल मांडून मालवाटप करा. त्याला ना २८,००० भाडं, ना दोन पगार.