‘कालच्याइतकेच द्या’ : मेलोक्सिकॅमने मी गमावलेली गाय

नमस्कार. तिव्याने, म्हणजे तीन दिवसांच्या तापाने, लंगडणाऱ्या आपल्या गायीला घरात शिल्लक असलेले वेदनाशामक इंजेक्शन आपण तीन दिवस दिले. ताप उतरला, गाय पाय टेकू लागली, परंतु कालपासून ती वैरणीला तोंड लावत नाही आणि शेण काळे व चिकट पडते आहे, तेव्हा आज रात्री आणखी एक मात्रा द्यावी का, असे आपण विचारले आहे. कृपया देऊ नका. मी पशुवैद्यक नाही. सिन्नर तालुक्यात अठरा वर्षे संकरित गायी सांभाळणारा शेतकरी आहे, त्यामुळे माझे म्हणणे सल्ला न समजता एका शेजाऱ्याचा अनुभव समजावे. मात्र काळ्या चिकट शेणाचा उल्लेख वाचल्यावर गप्प राहणे मला शक्य झाले नाही, कारण 2019 च्या पावसाळ्यात माझ्या गोठ्यात हेच घडले होते.

माझी गाय साधारण 350 किलोची होती. पहिल्या दिवशी डॉक्टर स्वतः आले, तिवा असल्याचे सांगितले आणि मेलोक्सिकॅम या वेदनाशामकाचे 35 मिली इंजेक्शन दिले. त्या बाटलीत एका मिलीला 5 मिलिग्रॅम औषध होते, म्हणजे एकूण 175 मिलिग्रॅम, किलोला अर्धा मिलिग्रॅम या हिशेबाने अगदी नेमके. दुसऱ्या दिवशी ओढ्याला पूर आल्यामुळे त्यांना येता येईना आणि फोनवर ते म्हणाले, ‘कालच्याइतकेच द्या.’ दुकानात ती बाटली संपली होती, म्हणून दुकानदाराने त्याच औषधाची दुसरी बाटली दिली. नाव जवळपास तेच होते, फक्त पुढे ‘जोरदार’ अशा अर्थाचा एक शब्द जोडलेला होता. मी कालच्याइतकेच, 35 मिली, दोन ठिकाणी विभागून टोचले. त्या बाटलीत एका मिलीला 20 मिलिग्रॅम औषध होते. गायीच्या अंगात 700 मिलिग्रॅम गेले, म्हणजे चौपट. संध्याकाळी अंग पुन्हा गरम वाटले म्हणून तेवढेच पुन्हा दिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा. डॉक्टरांचे शब्द चुकीचे नव्हते आणि दुकानदारानेही खोटे औषध दिले नव्हते. बाटलीवरचा एक आकडा मी वाचला नाही, एवढेच झाले आणि तेवढ्याने गाय गेली.

यात पाण्याचा भाग मला फार उशिरा समजला. ही वेदनाशामके शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होणे रोखतात, त्यामुळे सूज, ताप आणि वेदना कमी होतात. परंतु गायीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्याच्या, म्हणजे चौथ्या पोटाच्या, अस्तराचे रक्षण करणारे आणि पाणी कमी पडले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणारे द्रव्यही तेच असते. माझी गाय दोन दिवस पाण्याला शिवली नव्हती. अशा शुष्क झालेल्या जनावराला आधी शिरेतून सलाईन द्यायला हवे होते, मी मात्र औषधच वाढवत गेलो. चौथ्या दिवशी शेण डांबरासारखे काळे झाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि पाचव्या दिवशी पहाटे ती उठलीच नाही. शवविच्छेदनात चौथ्या पोटात रक्तस्राव झालेले व्रण दिसले. युरोपात या औषधाच्या लेबलवर गायीसाठी किलोला अर्धा मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन सांगितलेले असते, हे मला त्यानंतर कळले. आपल्याकडे डॉक्टर गरजेनुसार पुढचे दिवसही देतात आणि ते गाय तपासून देत असतील तर माझी हरकत नाही, परंतु फोनवरून इंजेक्शन चालू ठेवण्याच्या मी आता पूर्ण विरोधात आहे.

विम्याबद्दलही लिहितो, कारण आपल्या गायीच्या कानात विम्याचा बिल्ला असेल तर हे आजच उपयोगी पडेल. कोणत्या कार्यालयाशी माझी गाठ पडली ते सांगत नाही. शवविच्छेदनाचा अहवाल, बिल्ल्यासह छायाचित्रे, दूध संकलनाचे पुस्तक असे सगळे मी दिले. त्यांनी उपचाराचा दाखला मागितला. डॉक्टरांनी पहिल्या दिवसाचा दाखला दिला, कारण त्यांनी स्वतः केलेला उपचार तेवढाच होता. मग पुढच्या दोन दिवसांचा उपचार कोणी केला, असा प्रश्न आला. मी खरे ते लिहून दिले. त्यानंतर आठ महिने दर वेळी नवा माणूस तोच कागद पुन्हा मागत राहिला आणि शेवटी नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज इतराने उपचार केल्याचे कारण दाखवून प्रकरण बंद झाले. नियम तसा असेल तर पहिल्याच दिवशी सांगायला त्यांना कोणी अडवले नव्हते. सुगीचे दिवस सोडून मी तिथल्या बाकावर किती वेळा बसलो, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की प्रत्येक इंजेक्शनचे मूळ औषध, मिलीतले मिलिग्रॅम, एकूण मिली, तारीख आणि वेळ वहीत लिहावी आणि डॉक्टर पुढच्या वेळी आले की त्याखाली सही घ्यावी.

तिव्यात गिळण्याची ताकदही कमी होते, त्यामुळे गाय खात नाही म्हणून नळीने किंवा बाटलीने काढा पाजण्याचा आग्रह घरच्यांनी धरला तरी तो मोडून काढावा. ठसका लागून औषध फुफ्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो. स्टिरॉइडचे, म्हणजे डेक्सामेथासोनसारखे इंजेक्शन कोणी त्याच दिवशी दिले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण स्टिरॉइड आणि वेदनाशामक एकत्र आल्यास पोटात व्रण होण्याचा धोका वाढतो. शिवाय गाय शेवटच्या महिन्यांत गाभण असेल तर स्टिरॉइडने ती वेळेआधी विते. इंजेक्शननंतर दुधात औषधाचा अंश उतरतो, म्हणून या दिवसांतले दूध संकलन केंद्रावर घालू नये. मेलोक्सिकॅमसाठी युरोपात दूध न घालण्याचा हा काळ 5 दिवसांचा आहे. आपल्या बाटलीवर लिहिला असेल तो पाळावा, लिहिला नसेल तर डॉक्टरांना विचारावे.

आपण बाटलीतल्या औषधाचे नाव दिलेले नाही, म्हणून हेही विचारतो : ती माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची तर नाही ना? जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून बंदीची पावले उचलली गेली, 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनचीही मोठी बाटली बंद करून 3 मिलीचीच ठेवली गेली, आणि 2023 मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. अ‍ॅसिक्लोफिनॅकचे गायीच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. असे औषध अंगात असलेली गाय मेली आणि उघड्यावर टाकली, तर तिचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. आमच्याकडून अंजनेरी डोंगराचे कडे फार लांब नाहीत आणि तिथे लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात, त्यामुळे हा विषय मला दूरचा वाटत नाही. मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक आम्ल ही गिधाडांसाठी सुरक्षित आढळलेली औषधे आहेत. माझ्या गायीला दिलेले औषध गिधाडांना घातक नव्हते, तरी मी तिला खोल खड्डा घेऊन पुरले.

आता आपण एवढे करावे. गायीच्या खालच्या ओठाची आतली बाजू उजेडात पाहावी, थोडे शेण पांढऱ्या ताटलीत पाण्यात कालवून रंग लालसर होतो का ते पाहावे आणि लगेच आपल्या डॉक्टरांना किंवा पशुवैद्यकीय सेवेच्या 1962 या क्रमांकावर फोन करावा. तीन दिवसांत किती मिली, मिलीत किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी दिले आणि गाय शेवटचे पाणी कधी प्यायली, हे फोन लावण्यापूर्वी कागदावर लिहून हातात ठेवावे. रिकामी बाटली फेकू नये, डॉक्टर आल्यावर ती त्यांना दाखवावी.