मातीतले जिवाणू प्लेटवर येत नाहीत? आधी फॉस्फेट वेगळं करा

साताऱ्याहून एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: कासकडच्या जांभ्या मातीचा नमुना, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची गर्दी, पण न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणू वाढवायचं नेहमीचं, भरपूर अन्नाचं माध्यम) ३७ अंशांना दोन दिवसांत फक्त बॅसिलस, एखादा स्यूडोमोनास असे जलद वाढणारे जिवाणू आणि सगळीकडे पसरणारी बुरशी. गाईड म्हणतात नमुना चुकला. वाचताक्षणी ओळखीचं दुखणं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नमुना बहुधा चुकलेला नाही. सिरियल डायल्युशन (नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करणं), स्प्रेड प्लेट (तो प्लेटवर पसरणं) वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो. एवढंच सांगतो की मातीतल्या मोजलेल्या पेशींपैकी नेहमीच्या माध्यमावर कॉलनी (डोळ्यांना दिसणारा ठिपका) करणाऱ्या साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतात, हे जुनं निरीक्षण आहे. १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का यांनी या तफावतीला नाव दिलं. पण 'नव्व्याण्णव टक्के जिवाणू वाढवताच येत नाहीत' हे जे वाक्य सेमिनारमध्ये फेकलं जातं ते मला अजिबात पटत नाही. तो आकडा त्या माध्यमावर, त्या तापमानाला, तेवढ्या दिवसांत दिसलेल्या पेशींचा आहे, जातींचा नाही. आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंग घेणारी प्रत्येक पेशी जिवंत असतेच असंही नाही.

आता मुख्य मुद्दा. या कामात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो माध्यम बनवण्यात, आणि त्याकडे कुणी बघत नाही. अगार आणि फॉस्फेट एकाच फ्लास्कमध्ये घालून ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलं) की त्या उष्णतेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. २०१४ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी हे नीट दाखवलं: दोन्ही वेगवेगळं निर्जंतुक करून नंतर मिसळलं तर कॉलन्यांची संख्या लक्षणीय वाढते, आणि एकत्र शिजवलेल्या माध्यमात कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं विकर) घातलं तरी फरक पडतो. बॅसिलस आणि स्यूडोमोनास यांच्याकडे भरपूर कॅटालेज असतं, ते तगतात. मातीत अर्धपोटी, हळू जगणारी पेशी एकटी त्या पृष्ठभागावर पडते आणि तिथेच संपते. प्लेट तुम्हाला 'काही नव्हतं' असं सांगते, प्रत्यक्षात आपणच विष ओतलेलं असतं.

इथेच मला एका संस्थेची मीडिया रूम आठवते, नाव घेत नाही. त्यांचा नियम: एक माध्यम, एक फ्लास्क, एक सायकल. फॉस्फेटची छोटी बाटली वेगळी लावा म्हटलं की अर्ज द्या, अर्ज दिला की 'पावडरच्या डब्यावर असं लिहिलेलं नाही'. फ्लास्कवर चिठ्ठी मात्र रुबाबात 'आर२ए', म्हणजे कमी अन्नाचं माध्यम. तिथल्या मुलामुलींचे महिने त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्यात गेले. तुमच्याकडे अशी व्यवस्था असेल तर भांडा, नाहीतर प्रेशर कुकर घेऊन स्वतः करा. १५ पौंड दाबाचा साधा कुकर छोट्या बाटल्यांना २० मिनिटांत पुरतो, फक्त झाकणं सैल ठेवा.

करायचं असं. आर२ए एक लिटर: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, प्रोटिओज पेप्टोन, कॅसअमिनो अ‍ॅसिड, ग्लुकोज, विद्राव्य स्टार्च प्रत्येकी ०.५ ग्रॅम, सोडियम पायरुवेट ०.३, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.३, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५, अगार १५. यातलं फॉस्फेट बाजूला काढा. १०० मिलि पाण्यात ३ ग्रॅम असा साठा करून वेगळा ऑटोक्लेव्ह करा. बाकी सगळं ९९० मिलिमध्ये. दोन्ही ५५ अंशांपर्यंत आलं की साठ्यातले १० मिलि घाला आणि फेस न करता फिरवा. साठा थंडगार घातला तर अगारच्या गुठळ्या होतात. पायरुवेट वगळू नका, ते पेरॉक्साइड स्वतःच खाऊन टाकतं.

तयार पावडर वापरायचीच असेल तर त्यात फॉस्फेट आधीच आहे, इलाज नाही. मग गाळून निर्जंतुक केलेलं कॅटालेज, प्लेटमागे सुरुवातीला हजारभर युनिट, पृष्ठभागावर पसरून सुकू द्या. तेच डायल्युशन पाच प्लेट कॅटालेजसह आणि पाच त्याशिवाय लावा. फरक दिसला तर गाईडना तो फोटो दाखवा, वाद मिटेल.

दुसरं, खाणं कमी करा. न्यूट्रिएंट अगारमध्ये लिटरला आठेक ग्रॅम सेंद्रिय अन्न असतं, आर२एमध्ये तीनच्या आत. कासच्या मातीसाठी मी आर२एचाही दहावा भाग घेईन. पावडरपासून करताना इथे हमखास घोळ होतो: १८.१ ऐवजी १.८ ग्रॅम पावडर घेतली की अगारही दहावा होतो, म्हणून वरून १३.५ ग्रॅम अगार घालायचं. नाहीतर प्लेट जमतच नाही. उपाशी पेशीसमोर एकदम भरपूर अन्न आलं की श्वसन भडकतं, त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं निघतात. शिवाय जलद वाढणारे चोवीस तासांत जागा व्यापतात.

सामू (पीएच) आधी मोजा, माती १ भाग आणि पाणी २.५ भाग. जांभा आम्लधर्मी असतो आणि आर२ए ७.२ वर बेतलेलं आहे. अ‍ॅसिडोबॅक्टेरियासारखे गट हवे असतील तर ५.५ च्या आसपास जा, सामू स्थिर ठेवणारा एमईएस बफर १० मिलिमोलर चालतो. पण आम्ल माध्यमात अगार ऑटोक्लेव्ह केलं की त्याची पकड जाते. म्हणून सामू ओतण्याआधी उतरवा, किंवा अगारऐवजी जेलन गम घ्या: लिटरला ८ ग्रॅम, सोबत थोडं मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड, त्याशिवाय तो घट्ट होत नाही. जेलन गरम असतानाच जमतो, ओतायला रेंगाळू नका. आमच्या सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीला हे लागू नाही, ती अल्कधर्मी आहे, तिथे ७.५ च्या पुढेच.

तापमान २५ अंश, बीओडी इन्क्युबेटरमध्ये (थंडही करू शकणारी तापमान-पेटी). ३७ हे माणसाच्या शरीराचं तापमान आहे, मातीचं नव्हे. आणि दिवस? दोन नाही, आठ ते बारा आठवडे. ४८ तासांनी प्लेट डिस्कार्डमध्ये टाकणं म्हणजे अर्धं काम कचऱ्यात टाकणं. सुकू नयेत म्हणून प्लेटला २५ ते ३० मिलि ओता, उलट्या करून पिशवीत बांधा, डब्यात ओला कापूस ठेवा. दर आठवड्याला नव्या कॉलन्यांभोवती वेगळ्या रंगाने खूण करा. उशिरा आलेल्या, टाचणीच्या टोकाएवढ्याच कामाच्या.

बुरशीसाठी सायक्लोहेक्झिमाइड लिटरला ५० मिलिग्रॅम. विषारी आहे, हातमोजे हवेतच. अल्कधर्मी माध्यमात ते टिकत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे जास्त पातळ करा: हजार पटीच्या जागी लाख आणि दहा लाख पट, प्लेटवर तीसपेक्षा कमी कॉलन्या येतील असं. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये द्रव माध्यमात लावलंत तर एक तृतीयांशापेक्षा कमी वेलमध्ये वाढ यावी. मग त्यातल्या बहुतेक एकाच पेशीपासूनच्या असतात.

एवढं करूनही काही येणार नाहीत, कारण त्यांना शेजारी लागतात, कुणाला शेजाऱ्याचं लोह पकडणारं रसायन, कुणाला जीवनसत्त्व. २००२ मध्ये एपस्टाइन आणि लुईस यांच्या गटाने ०.०३ मायक्रॉनच्या पडद्यांची पेटी समुद्रकाठच्या गाळावर ठेवून हे दाखवलं. पुढे तशीच, छोट्या कप्प्यांची आयचिप आली आणि तिच्यातून २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक. ते पडदे महाग आहेत. तुम्ही आधी मातीचा अर्क करून बघा: त्याच जागेची माती आणि पाणी समभाग, ऑटोक्लेव्ह, निवळलेलं गाळून लिटरला १०० मिलि. पहिल्या प्लेटवरची कॉलनी दुसऱ्यांदा लावल्यावर मरते, तेव्हा हाच अर्क पुष्कळदा उपयोगी पडतो. कुष्ठरोगाच्या जिवाणूसारख्यांची गोष्ट निराळी. हॅन्सनने तो १८७३ मध्ये पाहिला, पण स्वतःची बरीच जनुकं निकामी झाल्यामुळे तो आजही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. तिथे माध्यम बदलून काही होणार नाही.

काही इशारे. हे सगळं मातीसाठी, रुग्णाच्या नमुन्याला ठरलेली पद्धतच वापरा. आणि मातीची प्लेट हुंगू नका. आडव्या झोताचं लॅमिनार (निर्जंतुक हवेचा ओटा) तोंडावरच हवा फेकतं, अनोळखी कॉलनी बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा. तसंच कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, नमुना पठारावरून घेतला असेल तर वनखात्याची परवानगी फाईलला लावा. नसेल तर पायथ्याच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून पुन्हा घ्या.

शुद्ध झालेलं काही हाती लागलं की लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवा, सिक्वेन्सिंग मागाहून. तुमच्याकडे फ्रीजर नसेल तर पुण्याच्या एनसीएमआरकडे (सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहाकडे) जमा करण्याची चौकशी लवकर सुरू करा. मातीचा सामू, कुठलं डायल्युशन लावलं आणि फॉस्फेट एकत्र होतं का, एवढं कळवा, पुढचं मग बोलू.