विश्वासू हातांची नावं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पुण्यात खोली मिळाली हे उत्तम झालं. कशी मिळाली ते वाचून मात्र बराच वेळ तसाच बसलो. तू सिद्दी, पूर्वज आफ्रिकेतून आलेले, म्हणून चेहरा बघूनच घरमालकानं ‘परदेशी लोकांना देत नाही’ म्हणत दार ओढून घेतलं, तू आधार कार्ड पुढं केलंस, कर्नाटकातल्या हल्याळचा पत्ता वाचून तो हसला आणि ‘मग आधी नाही का सांगायचं’ म्हणत चावी काढून दिली. तुझ्या वर्गातल्या नायजेरियन मुलीला त्यानंच काही दिवसांपूर्वी परत पाठवलं होतं, हे तुला नंतर कळलं. आता तू विचारतेस, सर, त्या कार्डाचा अभिमान बाळगायचा की लाज?

दोन्ही नको. डोक्यावर छप्पर हवं होतं, ते घेतलंस. अशा वेळी तत्त्वासाठी खोली सोडायला हवी होती, असं सांगणारे बहुतेक लोक स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये राहतात. ‘मी भारतीय आहे’ हे तुझ्या समाजाला ठणकावून सांगावंच लागतं, चौकीत, रेल्वेच्या डब्यात, कॉलेजच्या फाटकावर. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला 2003 साल उजाडावं लागलं. तेव्हा ते वाक्य तू सोडू नकोस. पण त्याच्या पोटात कधीकधी दुसरं एक वाक्य लपलेलं असतं, ‘मी त्यांच्यातली नाही’. तेवढं गाळायला शीक. 2017 मध्ये ग्रेटर नोएडात जमावानं नायजेरियन विद्यार्थ्यांना मारलं, तेव्हा जमाव कुणाची कागदपत्रं बघत नव्हता. आता भाडं भरायला जाशील तेव्हा मालकाला सरळ विचार, तिला का नाही दिली? चिडून नाही, माहिती विचारल्यासारखं. उत्तर देताना तो अडखळेल, आणि ते अडखळणं त्यालाही ऐकू येईल.

आफ्रिकन विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तुला उपरं वाटलं, असंही लिहिलंयस. वाटणारच. नायजेरिया आफ्रिकेच्या पश्चिमेला. तुझे पूर्वज आले ते बहुतांशी दक्षिण-पूर्व किनाऱ्यावरून, मोझांबिकच्या बाजूनं, पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात. तिथल्या घरांतून आणि मळ्यांतून निसटलेले घाट चढून यल्लापूर-हल्याळच्या रानांत शिरले. मध्ये अख्खा खंड आहे. नायजेरियातल्या लेगोसच्या मुलीशी तुझं नातं जुन्या गावाचं नाही, आजच्या घरमालकाचं आहे. नातं म्हणून तेही कमी नाही. बारीक वेण्या घातल्या म्हणून आई रागावली, त्यावर माझं काही मत नाही, केस तुझे.

सिद्दींच्या इतिहासावर तू करतेयस त्या पोस्टरचं मात्र नीट बोलू. मलिक अंबर टाकू का, विचारतेस. टाक की! इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा विकला जात जात मोखा, बगदाद करत दख्खनेत पोचतो. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशी, त्याला विकत घेतो, आणि पुढं बुडत्या निजामशाहीला हाच मुलगा वर्षानुवर्षं तारून नेतो. 1610 मध्ये खडकी वसवतो, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. नहरींनी शहराला पाणी देतो, जमिनी मोजून सारा बांधून देतो. 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना पाणी पाजतो. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं होते. जहांगीरला तो रणात कधी सापडला नाही, म्हणून बादशहानं त्याच्या तोडलेल्या शिराला बाण मारतानाचं स्वतःचं चित्रच काढून घेतलं. इतका राग शत्रूच्या मनात ठेवून 1626 मध्ये अंबर म्हातारपणी मेला. खुलताबादला त्याची कबर आहे, बघून ये.

पण तो तुझा पूर्वज नव्हे, हे पोस्टरखाली बारीक अक्षरांत नाही, ठळक लिही. जंजिऱ्याचे सिद्दी नवाबही नव्हेत, 1948 पर्यंत त्यांचं संस्थान होतं तरी. अंबरच्या फौजेत विकत घेतलेले हबशी होते, हेही लिही. राजा सापडला की मान ताठ होते, मला कळतं; आम्हा मराठी लोकांच्या घराण्यात एखादा सरदार निघाला की आम्ही काय करतो ते तू पाहिलंच आहेस. पण मान ताठ ठेवायला राजाच लागत असेल, तर जे राजे नव्हते त्यांची आपल्याला अजून लाज वाटते, असा त्याचा अर्थ होतो. तुझ्याकडं जे आलंय ते त्यांच्याकडून आलंय.

म्हणून त्या पोस्टरवर नाशिकला जागा दे. नाशिकचा शरणपूर रोड माहीत असतो, शरणपूर फारसं कुणाला माहीत नसतं. 1850 च्या दशकात मिशनऱ्यांनी तिथं वस्ती उभी केली. इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, त्यांतली सुटलेली मुलं मुंबईला उतरवायचं, आणि त्यांतली कित्येक शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात यायची. आई-बाप हरवलेली, गाव आठवत असेल नसेल अशी. त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, सुतारकी-लोहारकी शिकवली आणि नवी नावं दिली. चेंग्विम्बे नावाचा, याओ जमातीचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. आणखी एकाचं नाव ठेवलं जेकब वेनराइट.

डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी मध्य आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा 1865 मध्ये त्यानं नाशिकची काही मुलं बरोबर नेली. 1872 मध्ये आणखी काही जण गेले, त्यांत हे दोघे होते. 1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियात, चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन मेला. बरोबरच्या लोकांनी काय करावं? पुरून घरी जावं, असं कुणीही म्हटलं असतं. त्यांनी काळीज झाडाखाली पुरलं, जेकबनं अंत्यविधीची प्रार्थना वाचली, त्या झाडावर अक्षरं कोरली, आणि देह वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून ते किनाऱ्याकडं निघाले. हजार मैलांच्या आसपास वाट. दुखणी होती, भांडणं होती, प्रेत पाहून वाट अडवणारी गावं होती. मध्ये एक इंग्रज अधिकारी भेटला, तो म्हणाला इथंच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. 1874 च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोचले. पुढं विलायतेला जाऊ दिलं एकट्या जेकबला. 18 एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. तिथल्या शिळेवर लिहिलंय की विश्वासू हातांनी याला जमिनीवरून आणि समुद्रावरून इथं आणलं. हात लिहिले. नावं लिहिली नाहीत.

मला राग येतो त्या शिळेचा, पण तिनं मला कामही दिलं. आमच्याकडचे इतिहासाचे कागद उघडलेस तर पानोपानी असेच हात दिसतील.

या मुलांतली बरीच मोठी झाल्यावर आफ्रिकेत परतली. आधी काही आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाईला गेली. मग शरणपूर चालवणाऱ्या विल्यम प्राइसनंच 1870 च्या दशकात मोंबासाला सुटलेल्या गुलामांची वसाहत उभी केली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावावरून फ्रेरटाऊन म्हणाले. तिथं नाशिकला शिकलेली माणसं शिक्षक, कारागीर, प्रचारक म्हणून राबली. नाशकात ती आफ्रिकन होती, मोंबासात ‘बॉम्बे आफ्रिकन’ ठरली. तुझ्या पत्रातली तक्रार त्यांच्या तोंडी शोभली असती. पण त्यांनी तक्रारीतच जन्म घालवला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासात जगला.

जाता जाता. ज्या 1873 साली ही माणसं प्रेत खांद्यावर घेऊन चालत होती, त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या तिथल्या लोकांना ते अर्पण केलं. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र धाडलं, 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडं बघून. समुद्रापलीकडं हात पुढं करायची ही जुनी रीत आहे. फक्त आपण बघायचो अमेरिकेकडं. घाटावरचे सिद्दी कुणाला दिसले नाहीत.

कवंदीबद्दल, तुमच्या सिद्दींच्या गोधडीबद्दल, तू फारच कमी लिहिलंस, ‘आजी शिवते’ एवढंच. मला तर पोस्टरमध्ये तीच पाहिजे. जुन्या लुगड्यांचे, शर्टांचे तुकडे, कडेपासून आत आत येत जाणारा धावदोरा, कोपऱ्यांना दुमडून बसवलेली फुलं, ख्रिस्ती घरात एखादा क्रूस, मुसलमान घरात चंद्रकोर. फूल नसलेली कवंदी उघडी वाटते म्हणतात ना तुमच्याकडं? कुणी अभ्यासक येईल आणि सांगेल की हा टाका थेट आफ्रिकेतला. दुसरा म्हणेल, दख्खनेत घरोघर गोधडी असते, यात आफ्रिकन काय? दोघांच्या वादात तू पडू नकोस. आजीनं रंग कसे निवडले, कोणतं फडकं कुणाचं, ते विचार. मूळ शुद्ध आहे हे सिद्ध झाल्यावरच वस्तू आपली होते, हा हिशोब तुझ्या पूर्वजांना विकत घेणाऱ्यांचा होता.

रक्ताच्या गोष्टीही जपून ऐक. 1987 मध्ये स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियानं सिद्दी मुलांना धावपटू करायला निवडलं; आफ्रिकन रक्त आहे म्हणजे पळणारच, हा त्यामागचा विश्वास. कमला सिद्दीसारख्या काहींनी नाव काढलं, योजना मात्र काही वर्षांत गुंडाळली, आणि शाळा सोडून आलेली मुलं परत रानात. शांताराम सिद्दी 2020 मध्ये कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, गुजरातच्या जांबूरच्या हीराबाई लोबी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ते कुणी रक्त तपासून नाही. वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून काम केल्यावर. कॉलेजच्या संमेलनात दमामी, म्हणजे दमाम ढोलावरचा तुमचा नाच बसवायला बोलावतील. जा. मानधन आधी ठरव, आणि पानांचे घागरे घाला असा हट्ट धरला तर घरून निघूच नकोस.

आता पुढचं काम. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाशील तेव्हा आजीजवळ बस आणि माणसांची नावं विचार. गावाचं नाव, धन्याचं नाव, कुणाची लेक कुठं दिली, हिरियारूंच्या, म्हणजे पूर्वजांच्या, पूजेत कुणाकुणाला हाक मारतात, सगळं. एका घरात हिंदू, शेजारच्यात ख्रिस्ती, पलीकडं मुसलमान असतील. तिन्हीकडं विचार, कारण नाती तिन्हीकडं पसरलेली असतात. दमाम वाजवताना म्हणायची गाणी फोनवर रेकॉर्ड कर, पण आधी परवानगी माग आणि कुणी म्हटलं ते नोंदव. नंतर पणजीचं पुराभिलेखागार आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या. तिथले कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, तेव्हा या वर्षी पोर्तुगीजचा वर्ग लाव. फीचा प्रश्न असेल तर संकोच न करता कळव, आपण बघू. फोनमधल्या फायली त्याच रात्री दुसरीकडं उतरवून ठेव, नुसत्या फोनवर ठेवू नकोस. आणि आजीचं नाव पहिल्या पानावर लिही, तुझ्या नावाच्या वर.

तुझा,
सर